खवीसाला टोपी घालायची का? भुतांच्या पत्त्यांसाठी मदत हवी

शाईचा_डाग

मंडळी, मी चित्रकार आहे, ठाण्यात राहते. एका लहान प्रकाशकासाठी मुलांचा पत्त्यांचा कॅट करतेय, सगळा भुताखेतांचा. एका पानावर एक भूत, खाली त्याची चार ओळींत ओळख. मुंजा झाला: लंगोटी, शेंडी, पिंपळाच्या फांदीवर बसून पाय हलवतोय. घरच्या पोरांना तो इतका आवडला की आता त्याला कुणी भीत नाही. हडळ झाली, पुढून भरलेली आणि मागून नुसता सापळा. ब्रह्मराक्षस झाला. वेताळ अर्धा झालाय.

खवीसापाशी अडलंय. संपादकांचा निरोप आला, "खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत. उंच काढा, दाढी, जाळीची टोपी, लुंगी." सांगितलं तसं मी काढलं, आणि मग ते फाइलीत तसंच ठेवून दिलं. माझ्या मुलीच्या वर्गात अर्धी मुलं मुंब्र्याहून येतात. हा कॅट त्यांच्याही हातात जाणार. बाकी भुतांना नाव-गाव-गोष्ट आणि याला फक्त धर्म, हे मला चित्र म्हणूनही पटत नाही.

तर विचारायचंय:
खवीस आणि जिन्न एकच का? घूल म्हणतात तो कोण? देवचार भुतांत धरायचा की नाही? आणि उलटे पाय नेमके कुणाचे?

कृपया जालावरच्या याद्या देऊ नका, त्या सगळ्या एकमेकींवरून उतरवलेल्या आहेत. घरात, गावात ऐकलेलं सांगा.

तिठ्यावरचो

ताईनू, वेताळाक भुतांच्या कॅटात घालतास तर आधी आरवलीक जावन येवा.

वेंगुर्ले तालुक्यात आमचा वेतोबा आहे. मूर्ती उभी, पुरुषभर उंचीपेक्षा मोठी. नवसाला केळीचा घड वाहतात आणि चपला. साध्या नव्हेत, हातभर लांब, चामड्याच्या. देव रात्री गावाची फेरी मारतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. झिजलेल्या बघायला मिळतात असं जुनी माणसं सांगत. खाली गोव्यात उतरलात तर आमोणे, लोलये, पैंगीण सगळीकडे बेताळ आहे आणि तो ग्रामदेवांच्या पंगतीत बसतो. भुतांचा राजा खरा, पण राजा म्हणजे प्रजेतला नव्हे.

देवचाराचंही तेच. तो वेशीवरचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा. कुणी रात्री वाट चुकला तर पुढे चालून घरापर्यंत पोचवतो म्हणतात, फक्त मागे वळून बोलत नाही. वर्षाला त्याचा रोट, नारळ, केळी, कुठे कोंबडा, कुठे विडी आणि बाटली. गाऱ्हाणं घालताना त्याला महाराजा म्हणतो आम्ही. वर्षाचं देणं चुकलं तर तो त्रास देतो हे खरं, पण देणं चुकलं तर सावकारही देतो.

एंथोव्हनसाहेबाच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात देवचार भुतांच्या यादीत घातलाय, म्हणून जालावर सगळे तेच लिहितात. काढायचाच तर वेगळ्या रंगाचं पान करा. हुकमाचं.

खवीसाचं मला फारसं माहीत नाही. आमच्याकडे पाण्यातला गिऱ्हो आणि वाट चुकवणारा चकवो जास्त.

खाडीपलीकडचा

ताई, संपादकांना माझा सलाम सांगा आणि विचारा, मेलेल्या मुसलमानाचं भूत होतं हे त्यांना कुठल्या मौलवीने सांगितलं? आम्हाला तर हे शेजाऱ्यांकडून कळलं.

मी सावित्रीच्या खाडीकाठचा, कोकणी मुसलमान. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त. घरात कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, आणि भुतं तिन्ही भाषांत.

आधी जिन्न. जिन्न म्हणजे मेलेला माणूस नव्हे, हे पानावर ठळक लिहा. ती वेगळीच खलकत आहे, म्हणजे अल्लाहने घडवलेली निराळी जात. माणूस मातीचा, जिन्न धूर नसलेल्या आगीच्या ज्वाळेचा, असं कुराणात सूरह रहमानमध्ये येतं (सूरह म्हणजे अध्याय). जिन्नांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे, ७२वी. त्यांच्यात बाया-पुरुष आहेत, लग्नं होतात, पोरं होतात, मरणही आहे. नमाज पढणारे आहेत आणि न पढणारेही. म्हणजे आमच्या मोहल्ल्यासारखेच, फक्त दिसत नाहीत. मेलेल्या माणसाची रूह बर्ज़खमध्ये, म्हणजे मरण आणि कयामत यांच्या मधल्या मुक्कामात असते, कयामतीपर्यंत. ती पिंपळावर येऊन बसेल, एसटी थांब्यावर तंबाखू मागेल, याला आमच्या दीनमध्ये जागा नाही. लोकांच्या मनात आहे, तो भाग निराळा.

मग खवीस कोण? खबीस हा शब्द अरबी, म्हणजे घाणेरडा, दुष्ट. संडासात पाय ठेवताना पढायची एक छोटी दुआ आहे, तीत याच घाणेरड्यांपासून पनाह मागतात. माझी नानी नातवंडांवर चिडली की "खबीस मेला" म्हणायची, तिच्या लेखी ती शिवी होती. शब्द आमच्याकडून गेला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं भूत झालं, हेच मला गमतीचं वाटतं. त्या भुताची जात मात्र कुठेच ठरत नाही. एका गावात मुसलमानाचं, दुसऱ्यात हबशाचं, तिसऱ्यात महार-मांगाचं. ज्या किनाऱ्यावर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींचं संस्थान होतं, तिथे खवीस हबशी असणारच. सांगणाऱ्याच्या घरापासून जो लांब राहतो, त्याचा खवीस होतो.

वर तिठ्यावरच्यांनी एंथोव्हनचं नाव काढलं. त्याच्या कोकणातल्या लोकसमजुतींच्या टिपा १९१५ साली छापल्या, पण मूळ सामग्री जॅक्सनची. तोच जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर, ज्याला अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला नाटकगृहात गोळ्या घातल्या. त्याला लोककथांचा नाद. त्याने खेडोपाडीच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली होती: तुमच्या गावात भुतं किती, कोणती, कशाने जातात. तो मेल्यावर एंथोव्हनने कागद लावून छापले. आता मीही मास्तर, म्हणून सांगतो. वरून प्रश्नावली आली की मास्तर काय करतो ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी पारावर बसतो, चार वजनदार माणसांना विचारतो, नीट अक्षरात लिहितो आणि पाठवतो. मोहल्ल्यात किंवा महारवाड्यात जाऊन "तुमचं भूत कोण" हे विचारणारा मास्तर त्या काळी किती गावांत असेल? ती यादी म्हणजे गावची जातवार खानेसुमारीच आहे. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, मुंज झालेल्या पोराचा मुंजा, सवाष्णीची जखीण, बाळंतिणीची अळवंतीण. प्रत्येकाचा रकाना ठरलेला. आम्हाला खवीसाच्या रकान्यात टाकलं आणि झोटिंगाच्याही कडेला जरा जागा दिली.

उलट बाजू पण ऐका. आमच्या मोहल्ल्यात पोरांना जिन्नाची भीती घालायची झाली तर ती फार टिकायची नाही, कुणी तरी आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत पढून गप्प झोपवायचं. खरी टरकायची ती मुंजाला! मशिदीमागे पिंपळ होता, पलीकडे जुनं भटाचं बंद घर. मगरीबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, तिकडून जायचं तर आम्ही चार पोरं हात धरून पळत जायचो. मुंजावर कुठली आयत चालते हे कुणाला माहीत नव्हतं ना! आपल्या भुताचं औषध घरात असतं. शेजारच्याच्या भुताचं त्याच्या घरात.

चित्राचं सांगतो. आमच्या शेजारी एक भंडारी म्हातारी होती, तिच्या गोष्टीतला खवीस काळाकभिन्न, डोंगराएवढा आणि कामाचा वाघ. रात्रीत विहीर खणून द्यायचा, पण "पुढे काय?" विचारायचा, आणि काम संपलं की मालकालाच खायला उठायचा. त्याच्या अंगावर कपडे काय होते हे तिने कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. तुम्ही त्याला कुदळ द्या. टोपी कशाला?

बदलीवाली

खाडीपलीकडच्या सरांचं वाचून कोलकात्याची आठवण झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं तिथे काढली, नंतर दिल्ली.

बंगाल्यांकडे अगदी हाच प्रकार, नाव फक्त मामदो भूत. मुसलमानाचं भूत म्हणजे मामदो, ब्राह्मणाचं ब्रह्मदैत्य, सवाष्णीचं शाकचुन्नी, हातात शंखाच्या बांगड्या. माशांच्या मागे लागणारा मेछो भूत वेगळाच. खालच्या मजल्यावरच्या मासीमांना मामदोबद्दल विचारलं तर त्या हसल्या, पण निशीचं नाव काढताच आवाज खाली आला. निशी रात्री ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारते. दोन हाकांना ओ द्यायची नाही, तिसरी आली तर माणूस समजायचं. त्या घरात अजूनही रात्री पहिल्या हाकेला कुणी उत्तर देत नाही. माझा नवरा दोनदा बेल वाजवून बाहेर ताटकळला आहे.

दिल्लीत मात्र जिन्नांची वेगळीच तऱ्हा पाहिली. फिरोजशाह कोटला, क्रिकेटच्या मैदानाशेजारचा पडका किल्ला. फिरोजशाह तुघलकाने १३५४ साली वसवलेल्या शहराचा तो भाग. तिथे टोपऱ्याहून आणलेला अशोकाचा स्तंभ उभा आहे. स्तंभाला तिथे लाट म्हणतात. त्या लाटेत जिन्नांचा म्होरक्या राहतो म्हणतात, लाटवाले बाबा. दर गुरुवारी लोक अर्ज घेऊन येतात. हो, अर्जच! पूर्ण पत्ता, पासपोर्ट फोटो, खाली सही. मुलाला नोकरी, सुनेचं मूल, जमिनीचा खटला. आणि त्याच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवतात, कारण कुठला जिन्न कुठलं खातं बघतो ते आपल्याला कसं कळणार. घारींना मांस टाकतात. मुसलमान जितके, तितकेच हिंदू. आणीबाणीनंतरच्या काळात ही प्रथा वाढली असं तिथे बोलतात.

मी गेले ती केवळ बघायला. शेजारीण मात्र बहिणीच्या घटस्फोटाचा अर्ज टाइप करून घेऊन आली होती, तोही "सेवेशी" पद्धतीचा. भीती कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. सरकारी कचेरीपेक्षा इथे बरं वागवतात, हे तिचं म्हणणं.

शाईचा_डाग

सर, कुदळ नक्की! विहिरीच्या काठावर बसवते त्याला, तोंडावर "पुढे काय?"

जिन्नाचं पान वेगळं करते, अर्जांच्या ढिगाऱ्यात बुडालेला. संपादक ओरडतील, पण बघू.

तिठ्यावरचे दादा, वेतोबा आणि देवचार भुतांतून काढले. हुकमाची कल्पना मस्त आहे, वापरते.

घूल राहिला. आणि पाय. हडळीचे उलटे काढलेत ते बरोबर ना?

खाडीपलीकडचा

पाय हाच तर सगळा मुद्दा आहे. पंजाब-सिंधकडे पिछलपेरी म्हणतात, तिचं नावच पायांवरून. उत्तरेत चुडैल, तिचेही पाय मागे. बाळंतपणात किंवा पोटुशी मेलेली बाई, ही गोष्ट सगळीकडे तीच. आमच्याकडे हडळीचे पाय उलटे सांगतात आणि पाठीचा सापळाही. तुम्ही दोन्ही काढलंत तरी कुणी भांडणार नाही.

अरबांच्या घूलाचे पाय उलटे नसतात, गाढवाचे असतात. खूर. घूल वाळवंटात एकट्या प्रवाशाला गाठतो, आणि बहुतेक गोष्टींत ती बाई असते. रूप हवं ते घेते, कधी देखणी मुसाफिर, कधी ओळखीचा उंट. पण खूर झाकता येत नाहीत. एका घावात मरते, मात्र दुसरा घाव घातला की पुन्हा उठते, म्हणून एकच वार करून गप्प उभं राहायचं. किती लोकांना ते जमेल? इस्लामच्या आधीचा तअब्बता शर्रन नावाचा लुटारू शायर होता, त्याने घूलाशी रात्रभर झुंजल्याची कविता केली आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, मात्र स्पष्ट येतं की घूल वगैरे काही नाही. दुसरीकडे अशीही रिवायत (परंपरेने आलेली कथा) आहे की घूल दिसले तर अजान द्या. उलेमा त्यावर शेकडो वर्षं वाद घालतायत, आपण मध्ये पडू नये.

कबरी उकरून मुडदे खाणारा जो घूल आता इंग्रजी सिनेमांत दिसतो, तो जगभर पसरला गालां या फ्रेंच माणसामुळे. त्याने १८व्या शतकाच्या सुरुवातीला अलिफ लैलाचं भाषांतर केलं. त्यात सीदी नूमानची गोष्ट आहे: नवी नवरी जेवायला बसते, टाचणीने भाताचं एक-एक शीत टोचून खाते, आणि रात्री कब्रस्तानात जाऊन पोट भरते. ही गोष्ट गालांला हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये तोंडी सांगितली होती. मला विचाराल तर टाचणी आणि शीत हेच चित्र काढा. कब्रस्तान नको. मुलांना ताटात कमी खाणारी बाई पुरेशी भयानक वाटेल, त्यांच्या आया रोज उलटं सांगत असतात.

एक पुरवणी. इफ्रीतला, म्हणजे बलाढ्य जिन्नाला, विसरू नका. सूरह नम्लमध्ये सुलेमान पैगंबरांच्या दरबारात एक इफ्रीत म्हणतो, तुम्ही जागेवरून उठायच्या आत सबाच्या राणीचं तख्त आणून देतो. दुसरा एक इल्मवाला डोळ्याची पापणी लवायच्या आत आणून देतो, इफ्रीत तोंड बघत राहतो. आणि त्याच सुलेमानांच्या मौतीची गोष्ट सूरह सबामध्ये: काठीला टेकून उभ्या उभ्या ते गेले, जिन्न बिचारे जिवंत समजून राबत राहिले, शेवटी वाळवीने काठी खाल्ली आणि ते पडले तेव्हा कळलं. गैबचं, म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींचं, ज्ञान जिन्नांना नसतं ते असं. आता तुमच्या खवीसाला "पुढे काय?" सुचलंच आहे, तर शेजारच्या पानावर काठी पोखरणारी वाळवी काढा.

पाटी_पुसणारी

मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात परिचारिका आहे. कॅट छान होईल, फक्त एक विनंती. त्यात मांत्रिक किंवा बाबाचं पान असेल तर त्याच्या हातात चाबूक, साखळी, मिरचीची धुरी देऊ नका. हे गमतीतलं नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब ही आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी. सहा महिने ते सात वर्षं कैद. आमच्याकडे येणाऱ्या बायांच्या अंगावर त्या खुणा अजून दिसतात. हडळ लागली म्हणून आणलेली बाई बहुतेकदा बाळंतपणानंतरच्या आजाराने खचलेली असते, आणि तिची दोन-तीन महिन्यांची फरफट आधीच झालेली असते.

खाडीपलीकडचा

बाई बरोबर बोलल्या. दर्ग्यांचंही तेच सांगतो, कुणाला वाटायला नको की मी एकाच बाजूचं बोलतो. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. जिन्न उतरवायला आणलेली होती बिचारी. याच्या उलट गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात नंतर दवा-दुआ सुरू झालं, दुआ मुजावर करतो आणि गोळ्या डॉक्टर देतो. लोक दोन्ही घेतात. ताई, बाबाचं पान काढायचंच असेल तर हे काढा, दोघे शेजारी बसलेले.

तिठ्यावरचो

मास्तर, वाळवंटातला घूल वाट चुकवतो आणि आमचा चकवोही तेच करतो. पण अजानबिजान आमच्याकडे लागत नाही. चकव्यात सापडलात तर चालायचं थांबायचं, सदरा उलटा करून घालायचा, विडी पेटवायची आणि कोंबडा आरवेपर्यंत बसून राहायचं.

खाडीपलीकडचा

सदरा आम्हीही उलटा करतो. अजान वर.

तिठ्यावरचो

मग विडी कोण ओढता?

खाडीपलीकडचा

ती पण मीच. नानीला सांगू नका.

शाईचा_डाग

चकव्याचं पान पुन्हा काढतेय. एक माणूस, उलटा सदरा, विडी. मागे कोंबडा घड्याळ बघतोय. धुराचा आकार कसा असतो हे कुणाला माहीत असेल तर सांगा, पर्वापर्यंत पान द्यायचंय.